निजामाच्या नोटांचं लॅमिनेशन

बायांनो, आज मी माझ्याच हातानं नातीचं नुकसान करणार होते.

आमच्या ह्यांनी निजामाच्या काळच्या पाच नोटा जपून ठेवल्या होत्या. "नातीच्या कॉलेजाच्या वेळी भाव येईल, तोवर विकू नको," असं सांगून स्वतः देवाघरी निघून गेले. परवा नोटांना दमट वास आला. म्हटलं, आधारकार्डासारखं लॅमिनेशन करून टाकावं, आणि आज गौलीगुड्यात एका दुकानात गेले.

दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा. नोटा बघून त्यांनी मशीनच बंद केली.

"अम्मा, ये काम नक्को. प्लास्टिक चिपका तो कोई नहीं लेता."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी अक्कल विचारली? पैसे घ्या आणि करा."

चाचा रागावले नाहीत. भिंतीवरची एक नोट काढून समोर ठेवली. तीही निजामाचीच, आरशासारखी चकचकीत.

"अब्बा की है. मशीन नई लाया, तो सबसे पहले येइच चिपकाया. पुराने नोटां लेनेवाला बोला, ये नहीं लेता, अब घर में टांग लो."

मग त्यांनी माझ्या नोटा न चिकटणाऱ्या सुट्या पाकिटांत सरळ ठेवून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

नातीच्या नोटा वाचल्या. पण मी त्यांना नीट शुक्रियासुद्धा म्हटलं नाही, "बरं" म्हणून निघाले. उद्या जाऊन म्हणणार आहे.

आलेलं गिऱ्हाईक सोडून तुमचं भलं करणारं कोणी भेटलंय का? आणि तुम्ही त्याला काय बोललात, तेही खरं लिहा.