अंथरुणात आढळले नाहीत

हरिश्चंद्र तोरसकर आयुष्यात कधी आजारी पडले नव्हते. म्हणजे शरीर अधूनमधून कुरबुर करायचं, पण तोरसकरांनी त्याला दाद दिली नाही. सगळी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या रजा विभागात काढली. दुसऱ्यांच्या पोटदुखीचे आणि पाठदुखीचे अर्ज वाचून वाचून त्यांचं ठाम मत झालं होतं की आजार ही शुक्रवारी उगवून सोमवारी मावळणारी गोष्ट आहे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ‘एकही सिक लीव्ह न घेतलेला माणूस’ म्हणून त्यांचं कौतुक केलं. त्या एका वाक्यावर तोरसकर पुढे बरेच दिवस तरंगत होते.

गिरगावातली खोली विकून ते आणि वासंतीबाई भाईंदर पश्चिमेला राहायला आले. इथे करायला काही नव्हतं. सोसायटीच्या वॉचमनची हजेरी घेऊन झाली, दूधवाल्याला उशिराबद्दल बोलून झालं, मग घरातल्या भांडेवालीचा नंबर लागला. तेव्हा वासंतीबाईंनी हात टेकले. “कुठेतरी नोकरी धरा,” त्या म्हणाल्या. “मला जरा रजा मिळेल.”

नोकरी मिळाली, आणि तीही अंगाचं माप घेऊन शिवल्यासारखी. एका विमान कंपनीचं आणि तिच्या वैमानिकांच्या युनियनचं नव्या करारावरून वर्षभर वाजत होतं. बोलणी फिसकटली की दुसऱ्या दिवशी वैमानिक घाऊक भावात आजारी पडायचे. कंपनी म्हणायची, हा छुपा संप आहे. युनियन म्हणायची, तुम्ही इतकं राबवता की माणूस पडणारच. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायचं नाव घेत नव्हतं. शेवटी कंपनीने जाहीर केलं की डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आमचा विश्वास नाही, आमचा माणूस घरी जाऊन आजार डोळ्यांनी बघेल. विमानतळाजवळची भाडी परवडत नाहीत म्हणून बरेच वैमानिक मीरा-भाईंदरला राहतात. इकडचं कंत्राट मीरा रोडच्या एका एजन्सीला मिळालं. एजन्सीची मॅनेजर रुचिता ही नातीच्या वयाची मुलगी. तोरसकरांचा बायोडाटा वाचून ती खुर्चीतून उठलीच.

“काका, एकपण सिक लीव्ह नाही? सिरियसली? हे तर मी क्लायंटला दाखवणार!”

आता बघणं म्हणजे नक्की काय, यावर युनियन आणि कंपनी पुन्हा बसली. कंपनीला ताप मोजायचा होता. युनियनने ठणकावलं की वैमानिकाचं अंग ही कंपनीची मालमत्ता नाही. बैठकांवर बैठका झाल्या, बिस्किटांचे पुडे संपले, आणि एक समझोता निघाला. तपासनीस झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहील, आत पाऊल टाकणार नाही. रुग्णाला हात लावणार नाही. आजाराचं नाव विचारणार नाही. रुग्णाने मात्र अंथरुणात असलं पाहिजे, आणि आपल्या पसंतीचं एक लक्षण एकदा करून दाखवलं पाहिजे. तपासनीस स्वतः ठणठणीत हवा, नाहीतर तो वैमानिकाला खराच आजार द्यायचा. आजारी तपासनिसाचा रिपोर्ट बाद. मोठमोठ्या वकिलांनी डोकी लावून हे लिहिलं होतं. माझ्यासारख्याला ते सुचलंही नसतं.

तोरसकरांना नियम फार आवडले. गळ्यात ओळखपत्र घालून ते रिक्षा-बस करत फिरायला लागले. मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये एका कॅप्टनने त्यांना इतकं सुंदर खोकून दाखवलं की त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या एकाचं पोट बिघडलं होतं. त्याने अदबीने विचारलं, “कौनसा लक्षण दिखाऊं, अंकल?” तोरसकरांनी घाईघाईने “रहने दो, रहने दो” म्हणत दार ओढून घेतलं.

उत्तनच्या कॉलिनचं प्रकरण मात्र पहिल्यापासून वाकडं. कॉलिन को-पायलट होता, आणि कॅप्टन होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. कोळीवाड्यातून विमानाचा कॅप्टन होणारा तो पहिलाच, त्यामुळे त्याची आई आयरिन हिने केकची ऑर्डरसुद्धा तोंडी देऊन ठेवली होती. पण नियम असा की तीनदा ‘अंथरुणात आढळला नाही’ असा रिपोर्ट गेला की नाव यादीतून कायमचं कटाप. पहिल्यांदा तोरसकर गेले तेव्हा कॉलिन घरी नव्हता, कारण तो डॉक्टरकडे गेला होता. आजारी माणसाने डॉक्टरकडे जायची काय गरज, हे तोरसकरांना कळलं नाही. त्यांनी फोनवरच्या एजन्सीच्या ॲपमध्ये ‘आढळला नाही’ दाबलं. दुसऱ्यांदा तो अंथरुणातच होता. पण सर्दीने त्याचे कान गच्च बंद होते, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि तोरसकर बेल वाजवून वाजवून परत गेले. पुन्हा ‘आढळला नाही’.

तिसऱ्यांदा त्याचं नाव फोनवर आलं ते ऐन हिवाळ्यात. सकाळी निघताना वासंतीबाईंनी नवऱ्याच्या हातात डबा दिला आणि त्यांच्या बोटांना बोटं लागली. “अंग तापलंय तुमचं.”

“ऊन आहे,” तोरसकर म्हणाले. बाहेर ढग होते.

राई, मोरवा ही गावं मागे टाकून बस उत्तनला पोहोचली तेव्हा आभाळ पार काळवंडलं होतं. भलत्या वेळी आलेला पाऊस शहरात लोकांना फोटो काढायला बरा वाटतो. उत्तनला त्या दिवसांत किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांना बोंबील वाळत टांगलेले असतात. ते भिजले की मेहनत मातीत जाते. म्हणून आभाळ फिरलं की आळीतला कोणीही घरात राहत नाही. जेवता माणूस उठतो, दाढी करणारा अर्ध्या दाढीने धावतो. मग अंथरुणातला आजारी मागे राहील कशाला? तोरसकर आळीत शिरले तेव्हा त्यांचा रुग्ण अर्ध्या चड्डीत, काठीवर लटकून, दोन्ही हातांनी बोंबील ओरबाडत होता.

“मिस्टर कॉलिन!” तोरसकरांनी हाक मारली. कॉलिनच्या कानात काही शिरलं नाही. हाक शिरली ती आयरिनच्या.

“अरे, उभं काय ऱ्हायलाय! धरा ही पाटी!” आणि तिने पाटी त्यांच्या पोटावर आदळली.

तोरसकरांना नियम पाठ होते, पण पाटी हातात आल्यावर काय करायचं याबद्दल करारात काही नव्हतं. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. वरून बोंबील, खाली पाटी आणि मध्ये सरकारी टाइपचा पांढरा शर्ट, अशी त्यांची बराच वेळ वरात निघाली. शेवटची पाटी शेडखाली गेली तेव्हा ते नखशिखांत भिजले होते आणि दातांवर दात वाजत होते. मग त्यांना कामाची आठवण झाली.

“तुम्ही अंथरुणात नव्हतात,” ते ओरडून म्हणाले.

कॉलिनने डावा कान पुढे केला. “सर, मी चालू शकतो, काम करू शकतो, फक्त उडू शकत नाही. कान बंद आहेत. विमान खाली उतरताना पडदा फाटेल. डॉक्टरने लिहून दिलंय.”

“मला आजार सांगू नका. नियमात बसत नाही.”

“आमचा पोरगा आजारी हाय, साहेब,” आयरिन काकुळतीला आली. “आता झोपवते त्याला. झोप रे मेल्या, साहेब आलाय तर झोप!” कॉलिन घरात शिरून ओल्या कपड्यांनिशी गादीवर आडवा झाला, आणि कानाचं लक्षण कसं करून दाखवायचं ते न कळून नुसता छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोरसकरांनी दारातून ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“मी आलो तेव्हा ते अंथरुणात नव्हते,” ते म्हणाले, आणि ‘आढळला नाही’ दाबलं. उद्या संध्याकाळी रिपोर्ट कायम होणार होता. आयरिनने तरीसुद्धा त्यांना गवती पातीचा चहा पाजला आणि बोंबलांची जुडी पुढे केली. “लाच घेत नाही मी,” तोरसकर म्हणाले.

“लाच न्हाय. तुम्ही गोळा केलं त्यातलंच हाय.”

ते जुडी न घेताच निघाले. बसमध्ये सबंध वाट शिंकत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरसकरांना उठवेना. हाडं ठणकत होती, डोळे उघडत नव्हते. रुचिताने घोडबंदरचं काम सांगायला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द निघाले, “आज जमणार नाही. बरं नाही मला.”

“काका,” रुचिता चाचरत म्हणाली, “तुम्हाला माहितेय ना, क्लायंटची कंडिशन आहे. आपल्या स्टाफलापण सेम रूल लागतो. व्हेरिफिकेशन होणार.”

“होऊ दे की. नियम म्हणजे नियम.”

थोड्या वेळात त्यांचा फोन वाजला. नवीन काम आलं होतं. रुग्ण: हरिश्चंद्र तोरसकर. पत्ता त्यांचाच. जवळचा तपासनीस म्हणून मशीनने त्यांनाच निवडलं होतं, कारण त्यांच्याइतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं.

दुसरा कोणी असता तर हसला असता. तोरसकर भिंतीला धरत उठले, पँट-शर्ट घातला, ओळखपत्र अडकवलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. वासंतीबाईंनी पिठाच्या हातांनी दार उघडलं.

“हरिश्चंद्र तोरसकर आहेत का?”

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बऱ्याच गोष्टींना सरावल्या होत्या. “होते,” त्या म्हणाल्या. “आत्ताच बाहेर गेले.”

तोरसकर झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पलंग रिकामा होता. चादर विस्कटलेली, उशीवर डोक्याचा खळगा, आणि माणूस नाही. त्यांनी फोन काढला, बोट ‘आढळला नाही’वर नेलं, आणि तिथेच मटकन खाली बसले.

“मी आजारी आहे गं,” ते म्हणाले. “खरंच आहे.”

“मग लिहा तसं.”

“कसं लिहू? अंथरुणात कोणी नाहीये!” आणि हे मोठ्याने बोलल्यावर त्यांना गादीवर ओल्या कपड्यांत पडलेला, छताकडे बघणारा तो मुलगा आठवला. “त्याचंही असंच होतं, वासंती. कान बंद होते त्याचे. मी त्याला तीनदा खोटा ठरवला. आज संध्याकाळी त्याचं नाव कापतील.”

मग रजा विभागात मुरलेलं त्यांचं डोकं तापातही चाललं. आजारी तपासनिसाचा रिपोर्ट बाद. त्यांनी रुचिताला फोन लावला. “मी काल सकाळपासून आजारी होतो. घरातून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. उत्तनचा रिपोर्ट बाद करा.”

“काका, असं नका करू! तुम्ही आजारी असताना पायलटकडे गेलात म्हटलं तर मला तुम्हाला काढायला लागेल. आणि आपल्या ब्रोशरवर फोटो आहे तुमचा!”

“काढा.”

“आणि तुम्ही आजारी आहात हे व्हेरिफाय कोण करणार? तुम्ही आत पण पाहिजे, बाहेर पण पाहिजे.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “काकू आहेत का घरी? वैमानिकाचा नातेवाईक चालत नाही असं लिहिलंय. तुमच्याबद्दल काही लिहिलं नाहीये. काकूंना सांगा, आजच्यापुरत्या त्या आमच्या तपासनीस.”

तोरसकर अंथरुणात शिरले. वासंतीबाईंनी हात धुतले, ओळखपत्र स्वतःच्या गळ्यात घातलं, बाहेर जाऊन बेल वाजवली. दार उघडायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःच किल्लीने उघडून आत आल्या आणि खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“लक्षण दाखवा.”

तोरसकर शिस्तीत खोकायला गेले आणि खरीच उबळ आली. ते लालबुंद होऊन उशीवर पडले. वासंतीबाईंनी ‘आढळले’ दाबलं आणि खाली ‘काल सकाळपासून’ असं लिहिलं. जरा वेळाने रुचिताचा फोन आला. कालचा रिपोर्ट बाद झाला होता, कॉलिनचं नाव यादीत राहिलं होतं, आणि उद्यापासून काकांनी यायची गरज नव्हती. ओळखपत्र कुरियरने पाठवलं तरी चालेल, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

वासंतीबाई अजून दारातच उभ्या होत्या.

“काय झालं? ये की आत,” तोरसकर म्हणाले.

“मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही असेच उभे होतात,” वासंतीबाई म्हणाल्या. “गिरगावात. दारात, पायात बूट घालून. ‘संध्याकाळपर्यंत उतरेल’ म्हणालात आणि ऑफिसला गेलात. मी काही खोकून दाखवलं नाही. ती माझी चूक.”

तोरसकरांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना ते काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना फार लाज वाटली.

वासंतीबाई आत आल्या. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

“तुला खरंच ताप होता,” तोरसकर म्हणाले.

“महिनाभर होता,” वासंतीबाई म्हणाल्या. हात त्यांनी काढला नाही.