रेघेपर्यंत

आमच्या लेकीला ‘नको’ हा शब्द कळत नाही, असं मला बरेच दिवस वाटायचं. शब्द कळत होता, पण तो तिला कुठे दिसत नव्हता. नांदेडच्या आमच्या घराचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं, आणि त्या रस्त्यावरून ऑटो असे जातात की माणसाने घरातच अंग चोरून बसावं. लेक चार वर्षांची, ऑटिझम असलेली. फाटक उघडं दिसलं की ती निघायची. पळत नसे, पाण्यावरचं पान वाहत जावं तशी आपल्याच तंद्रीत जायची. मागून हाका मारून माझा घसा बसायचा.

तिला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “हद्द तिला डोळ्यांना दिसू द्या. आणि ती रोज तीच असू द्या, घरातल्या सगळ्यांसाठी.” मी तणतणत घरी आले. सगळ्यांसाठी म्हणे! आमच्या घरात चहात साखर किती घालायची यावर एकमत होत नाही.

सासूबाईंनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. “त्यात काय हाय? दारात रांगोळी म्या रोज काढतेच की. उद्यापासून एक रेघ जास्तीची.”

दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पांढरी रेघ येऊ लागली. लेक शेजारी उकिडवी बसून त्यांच्या चिमटीतून रांगोळी सांडताना बघायची. त्या सकाळी अजून आठवतात त्या अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या. ओल्या सड्याचा वास, लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, कोवळं ऊन, आणि जमिनीकडे वाकलेली ती दोन डोकी, एक पांढरं, एक काळं.

नियम एवढाच होता: एकटीने रेघेपर्यंत, रेघेपलीकडे हात धरून. मी तिला रेघेपाशी नेई, थांबे, “रेघ” म्हणे आणि परत फिरवी. पुन्हा नेई, पुन्हा फिरवी. ती जमिनीवर लोळण घ्यायची, किंचाळायची. येणारेजाणारे थांबून मला सल्ले द्यायचे, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मग एका सकाळी ती आपणहून रेघेपाशी गेली, थांबली, आणि माझ्याकडे न बघताच तिने एक हात हवेत वर केला. मी धावत जाऊन तो धरला. एवढा मान मला आजवर कुणी दिलेला नाही.

पुढे तिने तो नियम सगळ्या घराला लावला. दूधवालासुद्धा तिचा हात धरून रेघ ओलांडायचा आणि गालात हसायचा. बंडखोर एकच, माझे सासरे. “माझ्याच घरातून निघायला मला परवानगी लागती का?” म्हणत ते लांब टांग टाकून जायचे. लेक किंचाळायची. मग आतून सासूबाईंचा आवाज यायचा, शेवटाला जरासा उंच जाणारा: “अवो, रेघ हाय. बघा की!”

“बघितली, बघितली,” म्हणत सासरे तोवर कोपऱ्यावर पोचलेले असायचे. हे रोजचंच होतं.

यंदाच्या थंडीत सासूबाई झोपेतच गेल्या.

सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. जळकोटहून, किनवटहून भावकी आली, फाटकाशी चपलांचा ढीग पडला आणि रेघ नाहीशी झाली. लेक त्या जागी जाऊन जमिनीवरून बोटं फिरवायची. मी खडूने रेघ ओढून पाहिली. लेक खुशाल तिच्यावरून चालत गेली. तिच्या लेखी ती रेघच नव्हती. फाटकाला दोरी बांधली, तर येणारा प्रत्येक पाहुणा ती सोडायचा. शेवटी मी सगळ्यांसमोर विचारलं, एक रेघ तेवढी काढू का?

“सुतकात रांगोळी?” जळकोटहून आलेली सासऱ्यांची बहीण म्हणाली. “येडी हाईस का काय तू? लोकं त्वांडात शेण घालतील.” सासरे भिंतीला टेकून जमिनीकडे बघत बसले होते. मला सगळ्यांचाच संताप आला, गेलेल्या सासूबाईंचासुद्धा.

दुपारी मी पाहुण्यांना चहा देत होते. वळून पाहिलं तर लेक बसली होती तो कोपरा रिकामा.

मी अनवाणी रस्त्यावर धावले. ऑटो दिसत होते, पण त्यांचे आवाज ऐकू येत नव्हते. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. माझ्यामागे सासरेही अनवाणी धावत होते, हे मला नंतर कळलं.

ती रस्ता ओलांडून गेली होती. समोरच्या ओळीतल्या एका घरापुढे सकाळची रांगोळी होती, भोवती पांढरी चौकट काढलेली. त्या चौकटीच्या अलीकडे, पायाची बोटं नीट जुळवून, लेक उभी होती. एक हात हवेत वर. एवढा मोठा रस्ता तिला कुठेच थांब म्हणाला नव्हता, म्हणून ती थांबली नव्हती. इथे रेघ होती. कुणीतरी हात धरील म्हणून ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे.

सासऱ्यांनी तो हात धरला आणि ते तिथेच मातीत बसून रडले. सासूबाई गेल्यापासून ते रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पाण्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. सासऱ्यांनी सडा टाकला होता आणि सासूबाईंचा रांगोळीचा डबा उघडून ते उकिडवे बसले होते. जन्मात कधी रांगोळी हातात न धरलेला माणूस. चिमटीतून कुठे ढीग पडत होता, कुठे नुसतीच जागा सुटत होती. लेक शेजारी बसून सांडणारी रांगोळी बघत होती, नेहमीसारखीच.

“दादा, सुतक हाय!” त्यांची बहीण दारातून ओरडली.

“सुतक मला हाय,” ते मान वर न करता म्हणाले. “लेकराला न्हाई.”

रेघ वाकडीतिकडी झाली, पण या खांबापासून त्या खांबापर्यंत पोचली. मग ते हात झटकून उठले. दहाव्यासाठी गोदावरीवर जायचं होतं. बाहेर ऑटोत माणसं बसून हाका मारत होती. सासरे फाटकाशी आले, त्यांनी सवयीने टांग उचलली, आणि पाय परत मागे घेतला. तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक हात हवेत वर केला.

लेक उठली. त्यांच्याकडे न बघता तिने त्यांचं बोट धरलं. आपणहून फारसं कधी न बोलणारी ती सासूबाईंच्या आवाजात, त्यांच्याच हेलात, शेवटाला जरासं उंच जात म्हणाली, “अवो, रेघ हाय. बघा की!”



“बघितली,” सासरे म्हणाले. “बघितली गं.”