शार्कच्या पोटातली बाही
सुक्या मासळीचा वास आला की नव्वदच्या दशकातली, दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरची ती सकाळ आठवते. खोल समुद्रातून आलेल्या बोटीने वाघासारख्या पट्ट्यांचा प्रचंड शार्क उतरवला होता. हा मासा पुढ्यात येईल ते गिळतो. आमच्या नेहमीच्या कोळणीचा नवरा वादळात बेपत्ता झाला होता. “पोट चिरा, मना बगाचा हाय,” ती म्हणाली. कोणी कोयता उचलेना. शेवटी तिच्या दिरानेच पोट चिरलं. कासवाची पाठ निघाली, पक्ष्याची पिसं निघाली, मग शर्टाची निळी बाही. तिने बाही उलटसुलट करून पाहिली. “त्यांची नाय,” म्हणाली आणि मटकन खाली बसली. नवरा संध्याकाळी दुसऱ्या बोटीतून सुखरूप परतला. बाही कोणाची, हे मात्र कोणीच विचारलं नाही. आजही वाटतं, कुठल्यातरी धक्क्यावर कोणीतरी अजून वाट बघत असेल.