मेलेला म्हणून फेकलेला भुईचाफा

एका जिवंत झाडाला मी वीस-बावीस बायकांसमोर मेलेलं म्हणून जाहीर केलं आणि कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं. वर त्यावर पाच मिनिटं भाषण दिलं. बायकांनी टाळ्याही वाजवल्या. ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. आज अडुसष्टची आहे, म्हणून त्या बाईला पोरगी म्हणायचा मला हक्क आहे. पोरगी भलतीच शहाणी होती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच रिटायर झालेली, त्यावर सहा महिन्यांचा बागकामाचा कोर्स केलेला. गळ्यात संस्थेचं आयकार्ड, डोक्यावर हिरवी टोपी. ती टोपी मी लग्नातही घालून गेले असते, कोणी बोलावलं असतं तर.

आमची संस्था उपनगरांत फुकट वर्कशॉप घ्यायची. घराच्या मागे-पुढे जी मूठभर जागा असेल तिथे भाजी लावायची, घरच्याच ओल्या कचऱ्याचं खत करायचं, माती विकत आणायची नाही. त्या रविवारी वर्कशॉप होतं भांडुपला, चढावरच्या एका बैठ्या चाळीत. प्रत्येक खोलीमागे दहा फुटांचं परस. शेवटच्या खोलीतले सुरेश घाडी लिफ्टचे मेकॅनिक. त्यांचं परस सगळ्यात मोठं, म्हणून कार्यक्रम तिथे. सुरेशभाऊ त्या दिवशी आईला, म्हणजे चाळीच्या काकींना, घेऊन मानखुर्दला बहिणीकडे जाणार होते. जाताना म्हणाले, "मॅडम, परस तुमचं. पाहिजे ते वापरा."

मी ते शब्दशः घेतलं.

कुंडीतली माती एक-दोन पिकांनंतर थकते. ती फेकायची नाही. कुंडी उलटी करायची, माती चाळायची, उन्हात पसरायची आणि तिच्यात खत मिसळायचं. ह्याला आम्ही 'सॉइल रीचार्ज' म्हणायचो, कारण साधं नाव सांगितलं तर बायका ऐकत नाहीत असा आमचा समज होता. मला प्रात्यक्षिकासाठी रिकामी कुंडी हवी होती. भिंतीशी एक रुंद मातीची कुंडी होती. काठाला चीर, चिरेवर तार गुंडाळलेली. आत एक पान नाही, काडी नाही. कोरडी ठक्क माती.

उलटी केली. आतून आलं-हळदीसारखे तपकिरी गड्डे निघाले, त्यांना बोटाएवढ्या गोल गाठी लोंबत होत्या.

"बघा," मी म्हटलं, "हे मेलेलं मूळ. हे कुंडीत ठेवलं की रोग येतो. इथे माया करायची नाही."

मागून एक बाई म्हणाली, "मॅडम, काकींचं काहीतरी असतं त्यात."

"असायचं," मी म्हटलं. "आता नाही."

सगळ्या हसल्या. मी गड्डे परसातल्या खताच्या ड्रममध्ये टाकले, माती रीचार्ज केली आणि त्यात मिरचीचं बी पेरलं. मग टाळ्या झाल्या, चहा झाला.

तीन आठवड्यांनी सुरेशभाऊंचा फोन आला.

"मॅडम, भिंतीच्या कुंडीत मिरच्या उगवल्यात."

"अरे वा! झकास ना!"

"झकास काय? त्यात आईचा भुईचाफा होता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भुईचाफ्याची पानं दिवाळीनंतर सुकून जातात. झाड मातीखाली झोपतं. मग चैत्र-वैशाखात, वर एकही पान नसताना, थेट मातीतून फूल येतं. पांढरं, जांभळट ओठाचं, जमिनीला टेकलेलं, आणि वास असा की शेजारच्या खोलीतलं माणूस वळून बघेल. ह्या झोपेला आमच्या भाषेत 'डॉर्मन्सी' म्हणतात. कोर्समध्ये त्यावर अख्खा एक तास होता. मी पहिल्या बाकावर बसले होते. नोट्ससुद्धा काढल्या होत्या, दोन रंगांच्या पेनांनी.

काकींनी तो गड्डा लग्नानंतर देवगडकडच्या माहेराहून आणला होता. गिरणीच्या खोलीतून भांडुपला आल्या तेव्हा भांड्यांच्या आधी ती कुंडी टेम्पोत चढवली होती. त्याआधी चार वर्षं काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. तेव्हापासून फुलाचा नुसता वास.

"रोज सकाळी परसात जाऊन बसते," सुरेशभाऊ म्हणाले. "विचारते, फूल इला काय रे? मी म्हणतो, अजून नाही. किती दिवस म्हणू?"

"पुढच्या वर्षापर्यंत आपण काहीतरी..."

"तिला चौऱ्याऐंशी आहे, मॅडम. पुढच्या वर्षाचं मला नका सांगू."

मी आमच्या कोऑर्डिनेटरला फोन लावला. पल्लवी, वय तीस, माझी बॉस.

"एवढं काय टेन्शन घेताय, मावशी? नर्सरीतून आणा आणि ठेवून द्या. त्यांना दिसत पण नाही ना."

हे वाक्य मला फार लागलं. साधारण तासभर. मग मी रिक्षा करून मुलुंडच्या नर्सरीत गेले.

तिथे भुईचाफा होता, फुलावर आलेला. काळ्या पिशवीतून काढून मी तो मातीसकट काकींच्या तारवाल्या कुंडीत बसवला. मिरच्या बाजूला काढल्या. सुरेशभाऊ दारात उभे राहून बघत होते, ना हो म्हणाले, ना नाही. मग त्यांनी आईला हाताला धरून आणलं. काकी म्हणजे मूठभर बाई, नऊवारी, कपाळावर गोंदण. स्टुलावर बसल्या, खाली वाकल्या, डोळे मिटून वास घेतला.

"वास तोच," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडायला निघाला होता, तेवढ्यात त्यांनी अंगठा मातीत खुपसला. दोन बोटांत चिमूट घेऊन चोळली.

"ह्या काय? नारळाच्या सोडणाचो भुसो. माझ्या कुंडयेत भुसो कोणी घातल्यान?"

नर्सरीवाले पिशव्यांत कोकोपीट भरतात. वजनाला हलकं, पाणी धरतं. मी त्यावर अर्धा तास बोलू शकते. पण ते सोडणाचंच चूर्ण, आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईचं बालपण सोडणं सोलण्यात गेलेलं. तिला कोकोपीटने फसवायला मी आले होते.

"माझो खय आसा?" काकींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. टोपी काढून सांगितलं, हे त्यांना दिसलं नाही तरी. 'असायचं, आता नाही' हेसुद्धा सांगितलं, कारण तेवढंच लपवलं असतं तर तेवढंच मला रात्रंदिवस टोचलं असतं. सुरेशभाऊ उंबऱ्याकडे बघत होते.

"खय टाकलंस?"

"ड्रममध्ये, काकी. पण तीन आठवडे झाले. खत तापतं ना, शिजून गेलं असेल."

"तू बघलंस?"

"नाही."

"मगे?"

विज्ञानाच्या तासाला मुलांना मी आयुष्यभर हेच सांगत आले होते, आधी बघा, मग बोला.

आम्ही ड्रम आडवा केला. सुरेशभाऊंनी पँट दुमडली, मी पदर खोचला. आतून वाफ आली. कुजणाऱ्या खताचा मधला भाग इतका तापतो की हात ठेववत नाही. पण ड्रमच्या कडेला हवेसाठी भोकं असतात, तिथे थंड राहतं. म्हणून मी आधी कडा चाचपल्या. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. जे जे गड्ड्यासारखं लागेल ते काकींच्या हातात द्यायचं. त्या दाबायच्या, नखाने साल खरवडायच्या, नाकाशी न्यायच्या.

"ह्यो कुसलो."

पुढचा.

"ह्यो पण गेलो."

चार गेले. पाचवा गड्डा तर स्वयंपाकातलं आलं निघालं, कोणाच्या तरी घरचं. मला रडू येत होतं आणि नाकाला खत लागलेलं, त्यामुळे पुसताही येईना. मग दोन भोकांच्या मधल्या जागेतून अंगठ्याएवढा एक तुकडा हाताला लागला. काकींनी तो दाबला. खरवडला. नाकाशी धरला, फिरवून पुन्हा धरला.

"ह्यो आसा," त्या म्हणाल्या.

शेजारीच आणखी एक सापडला. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने लावले, जुन्या लाल मातीत. नर्सरीवाला त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "शाळेत काय शिकवायचंस?"

"विज्ञान."

"पोरांचा बरा झाला मगे. सुटली."

सुरेशभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

त्या वर्षी फूल आलं नाही. जूनच्या मध्यावर सुरेशभाऊंनी फोटो पाठवला, कुंडीत गुंडाळी उलगडणारं एक पान. मी तो फोटो पल्लवीपासून बँकेतल्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना दाखवला. दिवाळीत पान सुकलं आणि त्याच सुमारास काकींना न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. मी भेटायला गेले की त्या झोपलेल्या असायच्या. शेजारी बसून मी मनातल्या मनात तारखा मोजायची, मार्गशीर्ष, पौष, माघ. ह्या बाईने चैत्र गाठावा, एवढीच माझी मागणी. त्यात माझा स्वार्थ किती आणि माया किती, ते मला अजून सांगता येत नाही.

काकी घरी आल्या. एप्रिलमध्ये एका सकाळी सुरेशभाऊंचा फोन आला, "मॅडम, या." आवाज घोगरा. मी घाबरतच चढ चढले. परसात काकी स्टुलावर नव्हत्या. जमिनीवर पालथ्या होऊन, हनुवटी कुंडीच्या काठाला टेकवून पडल्या होत्या. नाकासमोर एकच फूल होतं. मला म्हणाल्या, "बोला नको." मी बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना ह्याचं महत्त्व कळेल.

तेव्हापासून माझ्या वर्कशॉपचा नियम एकच. रिकामी दिसली तरी कुंडीला हात लावायच्या आधी घरात जाऊन विचारायचं, शक्यतो सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. पल्लवीने हे छापील माहितीपत्रकातही घातलं, अकराव्या कलमात. मी भांडून पहिल्यावर आणलं.

त्या वर्षी पानं सुकल्यावर काकींनी मला बोलावलं आणि कुंडी उलटी करायला लावली. माझ्याच हातांनी. आत सात गड्डे झाले होते. त्यांनी सगळे मांडीवर घेतले, चाचपून त्यातला एक निवडला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. मग माझी बोटं त्यावर मिटवत म्हणाल्या,

"ह्यो तू घेवन जा. आणि परत मेलो असा वाटला ना गो बाय, तर टाकूक हयच घेवन ये."