उजव्या डोळ्याचा निळा

रंगखात्यातून कुठलाही लॉट बाहेर पडायचा तो एका वाक्यावर: ‘मास्तर बरोबर म्हणाले.’ त्यापुढे कुणाचं काही चालत नसे, मालकांचंही नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्यातले रंगमास्तर. गिऱ्हाईक बोटभर चिंधी आणून ‘अस्सा रंग हवा’ म्हणायचं आणि मास्तर शेकडो मीटर कापडाला तोच रंग आणून द्यायचे. वय एकसष्ट, त्यातली अडतीस वर्षं याच कामात गेलेली. नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगात. बायको दारातच ओळखायची, ‘आज हिरव्याचा दिवस होता वाटतं.’

त्यांची पद्धत ठरलेली. नमुना आणि नवं कापड कडेला कड लावून आधी उत्तरेच्या खिडकीशी बघायचं, मग गोदामातल्या पिवळ्या बल्बखाली, मग थेट रस्त्यावर जाऊन उन्हात. तिन्ही ठिकाणी जुळलं, की दोन्हींचा एकेक तुकडा रजिस्टरात शेजारी शेजारी चिकटवून खाली सही. जे जुळलं नाही तेही चिकटवायचं आणि बाजूला कारण लिहायचं. अशा रजिस्टरांनी एक कपाट भरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी रंग मोजायचं मशीन आणलं आणि ते चालवायला एक बाई नेमल्या. दोन रंगांत अंतर किती हे मशीन आकड्यात सांगे. आकडा एकाच्या आत असला की रंग एकच धरायचा. बाई तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. मास्तरांचं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. रोज सकाळी ते विचारत, ‘काय बाई, तुमच्या मशीनची झोप झाली का?’ पण निकाल मात्र स्वतःच देत.

एक दिवस शिंपी आला. शाळेच्या गणवेशाचं फिकं निळं कापड तो इथूनच नेत असे. त्यानं टेबलावर एक शर्ट पसरला.

“मास्तर, शर्ट एकाच मुलाचा आहे, पण बाह्या दुसऱ्याच्या वाटतात.”

शर्टाचं अंग मार्चच्या लॉटचं होतं, बाह्या जूनच्या. मास्तरांनी शर्ट खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला.

“एकच आहे.”

“मला फरक दिसतोय.”

“तुमच्या दुकानात ट्यूबलाइट आहे. त्यात निळा बदलतो.”

“इथं कुठं ट्यूबलाइट आहे?” शिंपी शांतपणे म्हणाला.

बाईंनी शर्ट मशीनखाली धरला. आकडा अडीच आला. जूनमध्येही तो अडीचच आला होता, तसं त्यांनी सांगितलंही होतं. मास्तर म्हणाले होते, मशीनची काच पुसून बघा. ते आता कुणी काढलं नाही. मालक तेवढं म्हणाले, “मास्तर, एकदा डोळे दाखवून या.”

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय,” ते म्हणाले. “आणखी कुणाच्या डोळ्यांनी बघू?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्या जांभळ्या स्वेटरलाही राखाडीच म्हणता.” स्वेटरचा हा वाद सहा वर्षं चालू होता. रंगातलं आपल्याला जास्त कळतं, या भरवशावर मास्तरांनी तो कधी मनावरच घेतला नव्हता. या वेळी मात्र ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. “नजर अजून बरी आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण आतलं भिंग पिवळं पडलंय.”

“पिवळं पडलं असतं तर मला सगळं पिवळं नसतं का दिसलं?”

“एका दिवसात पडलं असतं तर दिसलं असतं. दहा वर्षांत पडलं, की माणसाला तेच पांढरं वाटायला लागतं.”

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर भिंत होती, साधी चुन्याची. मास्तरांनी डावा डोळा मिटला. भिंत पांढरीशुभ्र, किंचित निळसर. मग उजवा मिटला. तीच भिंत जुन्या कागदासारखी. पुन्हा हा, पुन्हा तो. इतका वेळ, की डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

“काही त्रास होतोय का?”

“त्रास नाही. यातली खरी भिंत कुठली?”

“उजव्या डोळ्यात आता जास्त उजेड जातोय, एवढं मी सांगू शकते,” त्या म्हणाल्या. “खऱ्याचं म्हणाल, तर ही नवी लेन्सही कारखान्यातच बनलीय.”

घरी आल्यावर त्यांनी बायकोला स्वेटर घालून खिडकीत उभं केलं. “जांभळा आहे,” ते म्हणाले.

“सहा वर्षं बोंबलतेय मी.”

दोघं हसले. पण मास्तरांचं हसू लवकर विरलं. स्वेटरचं ठीक होतं. गेल्या दहा वर्षांत आपण किती कापडाखाली सही केली असेल?

बरं वाटल्यावर एका सुटीच्या दिवशी त्यांनी मालकांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. बाईंना कुठून तरी कळलं आणि त्याही आल्या. मास्तर म्हणाले, “तुम्ही कशाला सुटी घालवता?” त्या म्हणाल्या, “एकट्याच्या डोळ्यावर सोडलं तर पुन्हा तेच होईल.” मास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली.

बाईंनी शिस्त घालून दिली. प्रत्येक जोडी मास्तरांनी आधी उजव्या डोळ्यानं बघायची, मग डाव्यानं. मग बाईंनी बघायची, शेवटी मशीननं. एकमेकांना काही सांगायचं नाही, आपापल्या कागदावर लिहायचं आणि पान संपलं की ताडून बघायचं. रजिस्टरं बंद कपाटात राहिल्यामुळे तुकड्यांचे रंग जसेच्या तसे होते. तीन सुट्ट्या गेल्या.

मास्तर मन घट्ट करून बसले होते, पण निघालं भलतंच. लाल, तपकिरी, हिरवे, काळे, सगळे जुळत होते, अगदी मागच्या वर्षीचेसुद्धा. त्यांना आधी ते खरंच वाटेना. मग त्यांचं त्यांनाच उमगलं: नमुना पिवळ्या भिंगातून बघितला आणि कापडही त्याच भिंगातून. दोन्हींवर सारखाच डाग.

“म्हणजे रंग चुकीचा बघून मी जोडी बरोबर लावत होतो,” ते म्हणाले.

“बहुतेक वेळा,” बाई म्हणाल्या आणि दुसरा कागद पुढे केला. फिके निळे आणि पांढरे, तेही गेल्या पाच वर्षांतले. तिथं पिवळं भिंग बारीक फरक गिळून टाकत होतं. त्रेचाळीस जोड्या चुकलेल्या, आणि प्रत्येकीखाली त्यांची ठसठशीत सही. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पाणी प्यायला उठले.

तिसऱ्या दिवशी चुकायची पाळी बाईंची आली. खाकी रंगाची एक जोडी मशीननं एकच ठरवली होती, आकडा एकाच्या बराच आत. बाईंनाही ती एकच दिसली. पण बाजूला मास्तरांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘बल्बखाली फुटतो. परत.’ दोघं गोदामात गेले. पिवळ्या बल्बखाली एक तुकडा चक्क तांबूस झाला. बाईंनी दोन्ही तुकडे उलटेसुलटे करून पुन्हा बल्बखाली धरले.

“मशीनला आपण एकाच उजेडात बघायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तेही एकच खिडकी धरून बसलं होतं,” मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, उलट जरा आपुलकीच होती.

त्रेचाळीसची यादी घेऊन ते मालकांकडे गेले. मालक म्हणाले, “कुणाची तक्रार नाही, कशाला उकरून काढताय?” मास्तर म्हणाले, “एकाची आहे.” आणि जूनचा लॉट पुन्हा रंगवून, बाईंनी आणि त्यांनी तिन्ही ठिकाणी बघून, ते स्वतः शिंप्याच्या दुकानात घेऊन गेले.

“त्या दिवशी मी तुमच्या ट्यूबलाइटवर ढकललं. चूक माझी होती.”

शिंप्यानं कापड हातात घेतलं, दारात जाऊन बघितलं. “मला तर वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय,” तो म्हणाला. “आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला शर्ट दाखवत होतो. वीस जणांना विचारलं. सतरा म्हणाले, बाह्या वेगळ्या. तिघं म्हणाले, एकच.”

“ते तिघं कोण?”

“होते असेच,” शिंपी जरा अवघडून म्हणाला, “तुमच्या वयाचे.”

मास्तर खो खो हसले. कारखान्यात परत येऊन त्यांनी रजिस्टराच्या नव्या पानावर सहीसाठी तीन रेघा आखल्या. एक स्वतःची, एक बाईंची, आणि तिसरी रोज वेगळ्या माणसाची. कधी ड्रायव्हर, कधी रखवालदार, कधी झाडलोट करणारी मावशी. मावशींना ना आकडा कळे ना रंगांची नावं. ‘हे जरा आजारी दिसतंय’ एवढंच त्या म्हणत, आणि मग मास्तर व बाई कापड घेऊन पुन्हा रस्त्यावर जात. पाचातल्या दोनदा तरी मावशींचं बरोबर निघे. उरलेल्या तीनदा त्यांना ऊन चुकीच्या बाजूनं लागलेलं असे.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मास्तरांनी दोन महिने पुढं ढकललं. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “दोन डोळे दोन गोष्टी सांगतात, तोवर मी जपून असतो.” शेवटी तारीख ठरली. आदल्या दिवशी दुपारी ते गच्चीत खुर्ची टाकून बसले, उजव्या डोळ्यावर तळहात धरून.

बायको वाळलेले कपडे काढायला आली. “काय बघताय एवढं?”

“उद्यापासून हे दिसायचं नाही.”

“बरंच झालं की. नव्हतंच ते तसं.”

“तसं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “पण दहा वर्षं मी राहिलो त्यातच.”

तिनं कपड्यांचा ढीग खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कठड्याला टेकून उभी राहिली. “मग सांगा तरी, कसं दिसतंय.”

मास्तरांनी समोरच्या घराच्या भिंतीपासून सुरुवात केली. मग पाण्याची टाकी, मग आभाळ. ती मध्येच थांबवून विचारत होती, “म्हणजे सायीसारखं का?” आणि ते डोळा बारीक करून, नीट बघून सांगत होते, “नाही, थोडं अजून पिवळं.”