रेडिएटरभोवतीची फट

गल्लीतल्या फ्रीजवाल्यानं अकरा वर्षं खपून गॅरेजात विमान बांधलं आणि ते उडायच्या आधीच गल्लीनं त्याची खिल्ली उडवून घेतली. "पायलटसाहेब, वर गेलात की आमची टाकी भरलीय का तेवढं बघा," समोरचा न्हावी रोज म्हणे. तेव्हापासून त्याचं नावच साहेब पडलं.

विमान देखणं होतं. सीट दोन, त्यातली मागची बायकोसाठी, आणि ती "मेले तरी बसायची नाही" म्हणून मोकळी. खोट एकच. इंजिन दहा मिनिटांत तापायचं, काटा तांबड्या रेघेच्या पार. उडायची परवानगी देणारा तपासनीस दोनदा नकारार्थी मान हलवून गेला होता. "शनिवारी शेवटचा येतो. वीस मिनिटं काटा रेघेच्या आत राहिला तर सही, नाहीतर फाइल बंद," त्यानं बजावलं होतं. साहेब पासष्टीचे. नवी फाइल उघडायला त्यांच्याकडे आणखी अकरा वर्षं नव्हती. जीव टांगणीला लागला.

मग डोकेफोड सुरू झाली. पंप बदलला, पंप बिचारा निर्दोष निघाला. इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर मोठा बसवला. इंजिन तापायचं ते तापलंच. साहेबांनी इंजिन बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शुक्रवारी सकाळी बायको चहा घेऊन आली. "बिनदुधाचा आहे. दूध नासलं. फ्रीजचं स्टूल कुणी हलवलं?"

त्यांच्या घरच्या फ्रीजच्या दाराचं रबर सहा वर्षांपूर्वी गेलं होतं. चाळीस वर्षं गावाचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं दार स्टूल टेकवून बंद राहायचं.

"इथं इंजिन पेटायची वेळ आलीय आणि तुला स्टूल सुचतंय?"

"अहो, गिऱ्हाइकांना तुम्हीच काय सांगता? दाराला फट असली तर कॉम्प्रेसर मरेस्तोवर चालला तरी फ्रीज गार व्हायचा नाही. आधी दारात कागद घालून बघा, अडकला नाही तर फट आहे."

साहेबांनी कप पंखावर ठेवला आणि विमानाच्या नाकात डोकं खुपसून त्यांनी रेडिएटर नि भोवतीचा पत्रा यांच्यामध्ये कागद सरकवला. तो सुळकन गेला. खालून तर अख्खं बोट गेलं. समोरून आलेली हवा रेडिएटरच्या बारीक जाळीतून कशाला धडपडेल? शेजारच्या मोकळ्या वाटेनं ती खुशाल पसार होत होती. आयुष्यभर लोकांच्या दारांत कागद घालणाऱ्या माणसाला ते इथं सुचलं नव्हतं. साहेबांना स्वतःचीच लाज वाटली.

दिवसभर दोघं उष्णता सोसणाऱ्या रबराच्या पट्ट्या कापून फटी बुजवत बसली. शेवटी तिनं कडेकडेनं कागद घालून पाहिला. कुठेच शिरेना.

शनिवारी इंजिन घरघरताच न्हावी वस्तरा घेऊनच धावला, मागोमाग तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. वीस मिनिटं काटा रेघेखाली राहिला. तपासनीसानं सही केली. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी मागच्या सीटवरची धूळ रुमालानं पुसली.

"आता तरी बसशील?"

"बसेन की. फटी मी तपासल्यात," ती म्हणाली. "पण आपल्या फ्रीजच्या दारात कागद अडकेल, त्या दिवशी."

साहेब हत्यारांची पिशवी उचलून थेट स्वयंपाकघराकडे सुटले.