साडूभाऊंचं ‘ऑन द वे’

परभणी जिल्ह्यात इंग्रजी सगळेच फाडतात, पण तिची अब्रू राखणारा माणूस एकच, आमचे थोरले साडू. सोनपेठच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि परभणीत घर बांधून राहिले; म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याचा जाच त्यांनी सगळ्या जिल्ह्याला खुला करून दिला. त्यांचा खास राग ‘ऑन द वे’वर. पाय रस्त्याला लागल्याशिवाय हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. गॅसवाला फोनवर ‘ऑन द वे हाय सर’ म्हणाला, की हे विचारणार, “गाडी चालू हाय का उभी?” उभी म्हटलं, की “मग तू इन द वे हायेस. लोकांच्या वाटेत आडवा!” गॅसवाला माफी मागायचा आणि सिलिंडर शेजाऱ्यांकडं ठेवून पळायचा.

त्यांच्या लेकीला बघायला चुडाव्याचे पाहुणे यायचे होते. पोहे गार होऊन वातड झाले तरी पत्ता नाही. साडूभाऊंनी फोन लावला. मुलाचे वडील म्हणाले, “आमी ऑन द वे हाओत की!” मागं बादलीत धो धो पाणी पडत होतं. साडूभाऊंनी शांतपणे विचारलं, “आंघोळी वाटंतच उरकायलाव का?”

तिकडून फोन कट. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाळाला हात लावला. लेक आत गेली आणि कानातलं काढायला लागली. “लावा परत फोन, माफी मागा,” मी म्हणालो. साडूभाऊ म्हणाले, “वाक्य चुकलंय त्यांचं. माफी मी मागू?” पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात मुलाचाच फोन. “सर, खरं सांगतो, पप्पांची आंघोळ व्हायचीय अजून. लय चिडलेत. पण मी आणतो त्यांना. गाडीत बसलो की सांगतो.”

“पोरगं शुद्ध हाय!” साडूभाऊ ओरडले. आतून लेक कानातलं घालूनच बाहेर आली. व्याही आले, साडूभाऊंकडं पाठ करून चहा प्याले, आणि लग्न ठरलं.

परवा मी त्यांच्याकडं बसलो होतो. लेक बऱ्याच महिन्यांनी माहेरी यायची होती. फोन आला, “बाबा, ऑन द वे हाय मी.” मागं कुकरची शिट्टी झाली, मलासुद्धा ऐकू आली. मी साडूभाऊंच्या तोंडाकडं बघत राहिलो.

“ये बाई, सावकाश ये,” ते म्हणाले. फोन ठेवला आणि उन्हातच फाटकापाशी जाऊन उभे राहिले. अक्का हाका मारत होत्या, तरी आत आले नाहीत.